आमचं गेट अडीच तास पुढे

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक पाटी आहे : 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' ही पाटी कॅमेऱ्यांच्या आधीची. आधी पाटी लावून बघू, भागलं तर भागलं, असा खजिनदारांचा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर बरंच भागलं. पुढे कोणीतरी पाटीचेच स्क्रू काढून नेले, तेव्हा कुठे सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांचा ठराव पास झाला.

त्यातला गेटवरचा कॅमेरा मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात गेला. वीज कुठेतरी जवळच कडाडली आणि केबिनमधल्या स्क्रीनवरच्या चार चौकोनांपैकी एक काळा झाला. पाटी सुखरूप होती.

कॅमेरा गेल्यावर सोसायटीत घबराट पसरेल असं मला वाटलं होतं. पण चोरांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागला : 'टँकर आला का?' कारण इतके दिवस लोक चौथ्या मजल्यावर बसून मोबाइलवर गेट बघायचे आणि टँकर दिसला की मोटर लावायला सांगायचे. यात आपलं पुण्याचं काही विशेष नाही. १९९१ साली इंग्लंडात, केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, तिथल्या हुशार लोकांनी एका कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता. जिने तुडवत यावं आणि भांडं रिकामं निघावं, हे दुःख त्यांना सोसेना. १९९३ मध्ये ते भांडं इंटरनेटवर जगाला दिसू लागलं आणि २००१ पर्यंत दिसत राहिलं. आज ज्याला आपण वेबकॅम म्हणतो त्याचं मूळ हे असं आहे. तिथे कॉफी आहे का, इथे पाणी आहे का. राखण वगैरे मागाहून चिकटलेल्या गोष्टी.

नवा कॅमेरा घ्यावा असं सेक्रेटरींचं मत पडलं. खजिनदारांनी दर काढले. आता ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सुरक्षेची चाचणी देऊन पास होणं सक्तीचं झालं आहे. आत कुठली चिप आहे, सॉफ्टवेअरमध्ये कोणी चोरदरवाजा ठेवलाय का, ते तपासतात. नियम चांगला आहे. खजिनदारांना मात्र त्यात फक्त भाववाढीचा वास आला. "आपला जुना आहे तो काय वाईट?" ते म्हणाले. "त्याला कोणी तपासायला मागत नाही."

तेव्हा कॅमेरा तपकीर गल्लीत गेला. बुधवार पेठेतल्या या गल्लीत जी वस्तू मिळत नाही ती बनलेलीच नसावी, असा पुण्यातल्या अनेकांचा विश्वास आहे. माणसाने आडवं होऊन शिरावं एवढ्या रुंदीचं दुकान, आत भिंगाच्या दिव्याखाली विशी-बाविशीचा एक पोरगा. त्याने चार स्क्रू काढले. आतून वाळलेली पाल पडली. ती त्याने चिमट्याने उचलून बाजूच्या डब्यात ठेवली. त्या डब्यात आणखी होत्या.

"काका, कार्ड उडालंय. दुसरं टाकतो."

"म्हणजे कॅमेरा तोच राहणार ना?" खजिनदारांनी विचारलं.

"बॉडी तीच, लेन्स तीच, काच तीच. आतलं फक्त वेगळं."

खजिनदारांचं समाधान झालं. स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद बॉडीची असते.

त्या 'आतलं फक्त वेगळं'मध्ये काय काय येतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथलं आहे. असा कॅमेरा म्हणजे खरं तर एक छोटासा संगणक असतो. प्रोसेसर, मेमरी, त्यावर चालणारं लिनक्स, आणि हे सगळं साठवायला आठ किंवा सोळा मेगाबाइटची एक चिप. रोज सकाळी नातेवाईक सूर्योदयाचा जो व्हिडिओ पाठवतात तो याहून मोठा असू शकतो. त्या एवढ्याशा चिपमध्ये यंत्र जागं करणारा प्रोग्रॅम असतो, चित्र काढणारा असतो, ते आकसून वायरीतून पाठवणारा असतो आणि मालकाने केलेली सेटिंग्ज असतात. हेच फर्मवेअर. आणि गंमत अशी, की यातले पुष्कळसे बोर्ड एकाच मापाचे येतात, ३८ मिलिमीटर लांब, ३८ मिलिमीटर रुंद, हिरवे. भोकं जुळतात, सॉकेट जुळतात. पण सेन्सर कुठला, दिवसरात्र ओळखणारी तार कुठल्या पिनवर, सिग्नल चढला म्हणजे दिवस की उतरला म्हणजे दिवस, हे ज्याचं त्याचं वेगळं. स्क्रू बसला म्हणून मन जुळलं असं होत नाही.

शिवाय हा बोर्ड नवा नव्हता. बदली होऊन आलेला कारकून जसा जुन्या कचेरीचा शिक्का खिशात घेऊन येतो, तसा तो आला. कॅमेरा खांबावर चढला, स्क्रीन उजळला, आणि आमच्या गेटवर कोपऱ्यात ठळक इंग्रजी अक्षरं झळकली : 'कॅश काउंटर २'.

खजिनदारांना ते आवडलं होतं. पण सेक्रेटरी म्हणाले, नाव बदला. नाव बदलायचं तर आत शिरायला हवं, आत शिरायचं तर पासवर्ड हवा, आणि पासवर्ड त्या अज्ञात कॅश काउंटरच्या मालकापाशी. मी संगणकावर काम करतो, म्हणजे घरून लॅपटॉपवर हिशेब तपासतो. एवढ्या भांडवलावर हे काम माझ्याकडे आलं. कारखान्याचे नेहमीचे पासवर्ड चालेनात. सेक्रेटरींनी स्वतःची जन्मतारीख टाकून बघायला सांगितलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटी तपकीर गल्लीला फोन लावला.

"दादा, या जुन्या बोर्डांना तारखेवरून कोड निघतो. कॅमेऱ्यात आज तारीख काय आहे?"

"१ जानेवारी १९७०."

"मग सत्तरचा काढतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्याचा लवलेशही नव्हता.

१९७० सालच्या कोडने दार उघडलं. यामागे गूढ काही नाही. युनिक्सच्या घराण्यातली सगळी यंत्रं वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिचमधल्या मध्यरात्रीपासून, सेकंदांत. या बोर्डावर घड्याळ चालू ठेवणारा सेल नाही. वीज गेली की त्याला काही आठवत नाही, आणि इंटरनेटवरून कोणी खरी वेळ सांगेपर्यंत ते आपलं मोजणीच्या शून्यावर जाऊन बसतं. म्हणजे स्क्रीनवर आमचं गेट, त्यातून आत येणारी इलेक्ट्रिक स्कूटर, आणि वर तारीख १९७० ची, जेव्हा इथल्या जुन्या लोकांच्या सांगण्यानुसार ज्वारी होती.

पण वीज जात कशी होती? पावसाळा सुरळीत चालला होता. त्याचा शोध एका संध्याकाळी लागला. आमचे वॉचमनमामा केबिनमधल्या बोर्डावरची बटणं एकेक करून दाबत नाहीत. ते उजव्या हाताचा तळवा वरून खाली फिरवतात, सगळं बंद होतं, आणि मग त्यातलं हवं ते चालू करतात. सकाळी गेटचा दिवा बंद करताना एकदा, संध्याकाळी लावताना एकदा. दुरुस्तीनंतर कॅमेऱ्याची पिन त्याच बोर्डात लावली होती. दिवसातून दोनदा कॅमेऱ्याचा जन्म होत होता.

त्यांना काही बोलण्यात अर्थ नव्हता, आणि तसं पाहिलं तर सुरक्षेच्या शास्त्रात त्यांची पद्धत अगदीच टाकाऊ नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर काबीज केले. त्याची अक्कल बेताची होती : कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या पाठ, दिसेल त्या यंत्राला त्या लावून बघायच्या, लागली की आत. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा पछाडलेल्या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला चढवला. इंटरनेटवरच्या पत्त्यांची उलगड करून देणं हे तिचं काम. त्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी दुकानं तिथल्या लोकांना काही तास सापडेनाशी झाली. मिराई लिहिणारी तीन तरुण पोरं पुढे पकडली गेली. मूळ भांडण होतं माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरच्या धंद्यातलं. मुद्दा असा, की हा मिराई फक्त चालू मेमरीत राहायचा. यंत्र बंद करून चालू केलं की साफ. पासवर्ड तोच ठेवला तर थोड्या वेळाने पुन्हा शिरायचा, ते वेगळं. पण मामांच्या तळव्यापुढे त्याला दिवसातून दोनदा घर सोडावं लागलं असतं.

ही हकिकत मी समितीला सांगितली ती पासवर्ड नीट ठेवावा म्हणून. चेअरमनसाहेब वेगळ्याच विचारात पडले. "म्हणजे आपल्या गेटवरून अमेरिका बंद पडू शकते?" त्यांनी दोनदा विचारलं. त्या दिवसापासून ते कॅमेऱ्याकडे जरा आदराने बघतात.

जुनी सेटिंग्ज पुसली, नाव बदललं, पासवर्ड बदलला, इंटरनेट जोडलं, आणि मग दिवसाउजेडी नीट पाहिल्यावर लक्षात आलं की गेट गुलाबी आहे.

गुलाबी म्हणजे जिभेवर रेंगाळणाऱ्या सरबताचा गुलाबी. रस्ता गुलाबी, भिंत गुलाबी. आंब्याच्या झाडावर मात्र बर्फ पडल्यासारखं, पानन् पान पांढुरकं. सेक्रेटरींचा काळा सफारी तांबूस-जांभळा, आणि मामांचा गडद निळा गणवेश फिकट गुलाबी. मामांनी स्क्रीनकडे बघून गंभीरपणे सांगितलं, "साहेब, हा ड्रेस मी घातलेलाच नाही."

कारण साधं होतं. उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात. आपल्या डोळ्याला ते दिसत नाहीत, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतात. झाडाची पानं हे किरण जोरात परतवतात, आणि काळ्या कपड्यांचे पुष्कळसे रंगही. म्हणून सेन्सरपुढे दिवसा एक काचेचा पडदा असतो, हे किरण अडवणारा. अंधार पडला की तो पडदा 'टक' करून बाजूला सरकतो आणि कॅमेऱ्याचे स्वतःचे अवरक्त दिवे लागतात. आमच्या कॅमेऱ्यात पडदा जुन्या बॉडीचा, हुकूम नव्या बोर्डाचा, आणि दोघांच्या हो-नाहीच्या खुणा उलट्या. सकाळ झाली की पडदा उघडायचा, रात्र झाली की बंद. दिवसा गुलाबी धुकं आणि रात्री, दिवे पेटलेले असूनही, मिट्ट काळोख.

तेवढ्यात गाडीवर ओरखडा पडला.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची गेटजवळ लावलेली नवी मोटार, तिच्या दारावर वीतभर रेघ. फुटेज काढलं. मोटारीला घासून जाणारी एक स्कूटर स्पष्ट दिसली. चित्रात कॅमेऱ्याने छापलेली वेळ होती रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. त्याच चित्राच्या खाली, रेकॉर्डरच्या पट्टीवर, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. कारण सेटिंग्ज पुसताना कॅमेरा कारखान्याच्या मूळ वेळेवर गेला होता. चीनची वेळ ग्रीनिचच्या आठ तास पुढे, आपली साडेपाच. आमचं गेट अडीच तास पुढे जाऊन पेइचिंगच्या वेळेत उघडत-मिटत होतं.

स्कूटरवाले शांत होते. "रात्री नऊला मी घरी जेवत होतो. सासरचे सगळे आले होते, विचारा त्यांना."

"आणि सहा चाळीसला?"

"सहा चाळीसबद्दल तुमची तक्रार आहे का?"

तक्रार अर्जात नऊच लिहिले होते. शिवाय मोटारवाल्यांचं म्हणणं, स्कूटर लाल होती. चित्रात तशी दिसत होती. पण त्या चित्रात काळा पायपोसही लालसर दिसत होता. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीची वेळ आणि सोयीचा रंग उचलला आणि समितीची सभा रात्री उशिरापर्यंत चालली. कुठल्या वेळेनुसार, ते इतिवृत्तात नाही.

यावर तळमजल्यावरच्या काकांनी तोडगा काढला. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. वेळापत्रक हा त्यांचा प्राण. त्यांनी आखीव कागदावर तक्ता केला, डावीकडे 'चिनी', उजवीकडे 'आपली', आणि केबिनमध्ये चिकटवला. मध्यरात्रीनंतरच्या अडीच तासांत तारीखही एकने मागे घ्यायची, असा खाली लाल शाईत शेरा. लोक येऊन बघून जात. दूधवाल्याने तर तो वाचून, आपण आठला येतो असं कोणी म्हणत असेल तर तक्ता पाहावा, असं मामांना बजावून ठेवलं.

दिवसरात्रीच्या खुणा उलटवणारी सोय या फर्मवेअरमध्ये नाही, दुसरं मारावं लागेल, असं तपकीर गल्लीने कळवलं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आली. नाव : 'फायनल ओके न्यू २'. वर बारीक अक्षरांत 'अनेकदा फॉरवर्ड केलेला संदेश'. सुविचारांच्या बाबतीत हे चालून जातं. यंत्राचा मेंदू पुसून त्या जागी अनेकदा फॉरवर्ड केलेला मेंदू भरायचा म्हणजे जरा धाकधूक वाटते. पोराचं म्हणणं, फाइल बरोबर आहे, फक्त लाइट जाऊ देऊ नका. मारताना लाइट गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं, आणि कॅमेऱ्याचा डबा.

संध्याकाळी काम सुरू झालं. निळी पट्टी सरकू लागली. तीस टक्के, पन्नास, सत्तर. खजिनदार, सेक्रेटरी, काका सगळे श्वास रोखून स्क्रीनपुढे. बाहेर अंधारून आलं होतं. मामा आत आले, 'जरा सरका' म्हणाले आणि बोर्डावरून तळवा फिरवला.

रविवारी तो पोरगा स्वतः आला. खांबावरून कॅमेरा उतरवला, केबिनमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उघडा ठेवला, आणि खिशातून पेनड्राइव्हसारखी एक कांडी काढली. बोर्डाच्या कडेला तीन सोनेरी ठिपके असतात : एक जमिनीचा, एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा. तिथे त्याने केसासारख्या तीन तारा डागल्या. कांडीची बोलण्याची तार बोर्डाच्या ऐकण्याला, बोर्डाच्या बोलण्याची कांडीच्या ऐकण्याला. दोघांच्या बोलण्याला बोलणं जोडलं की कोणालाच काही कळत नाही, असं तो म्हणाला तेव्हा सेक्रेटरींनी खजिनदारांकडे पाहिलं. "आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट हं दादा. पाच दिले की संपलं."

माझ्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली. कॅमेऱ्याला वीज दिली की पहिला सेकंदभर तो विचारतो, थांबायचं असेल तर कुठलीही कळ दाबा. तेवढ्यात दाबली तर ठीक, नाही तर तो पुढे निघतो आणि त्या फाटक्या फर्मवेअरवर आपटतो. एकाने बटण चालू करायचं, त्याच क्षणी दुसऱ्याने कळ दाबायची. बटणावर अर्थातच मामा, त्यांच्याएवढा सराव कोणाला? "एक, दोन, तीन" काकांनी म्हणायचं ठरलं, कारण गाडी सोडण्याचा अनुभव त्यांना होता.

पांढरी अक्षरं धडधडत वर सरकली आणि थांबली. यंत्र जागं करणारा पहिला प्रोग्रॅम शाबूत होता. पोराने ओळी मागे नेऊन सेन्सरचं नाव वाचलं, मोबाइलच्या उजेडात बोर्डावरचा नंबर वाचला, आणि म्हणाला, "अच्छा, 'ओके २' या सेन्सरचं नाहीच. ते पूर्ण बसलं असतं तर कायमचा काळोख झाला असता."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी गणवेशाची बाही नीट केली.

बरोबरची फाइल पोराच्या फोनमध्ये होती, 'ओके १'. ती लॅपटॉपवर घेतली, तिथून केबलने कॅमेऱ्यात. पुसणं, लिहिणं, पडताळणं. तेवढा वेळ चेअरमनसाहेब स्वतः बटणांच्या बोर्डाला पाठ लावून उभे राहिले. मग सेटिंग्जमध्ये एक बारीकसा चौकोन निघाला, त्यात बरोबरची खूण केली, आणि कॅमेऱ्याच्या पोटातून आवाज आला : टक. गुलाबी निघून गेलं. वेळेच्या यादीत साडेपाच निवडले. काकांनी तक्ता मात्र काढू दिला नाही. जुन्या फुटेजसाठी लागेल म्हणाले.

कॅमेरा पुन्हा खांबावर चढला. चित्र इतकं स्वच्छ होतं की सगळे हरखले. आंबा हिरवा, सफारी काळा, नंबरप्लेट वाचता येत होत्या. गेटच्या आतले कचऱ्याचे दोन डबेही दिसत होते, हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. कौतुकाने बघता बघता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू स्क्रीनवर आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि सगळी पिशवी गाठ न सोडता निळ्या डब्यात टाकून गेल्या. त्यांच्या मागून चेअरमनसाहेबांचे चिरंजीव आले, त्यांनीही तेच केलं. मग दुसऱ्या मजल्यावरचे मोटारवाले, मग सेक्रेटरींच्या वहिनी. तारीख, वेळ, सगळं अचूक छापलेलं.

केबिनमध्ये कोणी बोलेना. पोरगा तारा गुंडाळत होता. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि त्याला जरा बाजूला घेऊन विचारलं, "ते आधीचं होतं ना, गुलाबी... ते परत मारता येतं का?"

"येतं की."

खजिनदारांनी पाकीट खिशात ठेवता ठेवता विचारलं, "त्याचे वेगळे पैसे पडतील का?"